उंदीर चालवून दाखवा

पडेगावच्या चौकात आमच्या जावयाचा फ्लेक्स लागला, त्याच दिवशी माझ्या केमोचा शेवटचा डोस झाला होता. रिक्षातून घरी येताना मला उलट्या होत होत्या, तरी आईनं रिक्षा थांबवून मला तो फ्लेक्स बघायला लावला. 'हाडाच्या कॅन्सरवर मात करणारे शास्त्रज्ञ, पडेगावचे जावई डॉ. ऋतुराज यांचे हार्दिक अभिनंदन!' खाली शुभेच्छुकांचे एकवीस फोटो. जावयांनी पांढरा कोट घातला होता आणि हातात काचेची नळी धरली होती. नळीत लालभडक पाणी होतं. त्यांच्या प्रयोगशाळेत असलं लाल पाणी कशालाच लागत नाही, हे मला नंतर कळलं.

मी सायली. वय एकोणीस, बी.कॉम.चं दुसरं वर्ष, आणि डाव्या गुडघ्याच्या वर हाडात कॅन्सर. डोक्यावर केस नाहीत, काखेत कुबडी. दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी मला आणि आईला समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं, "औषधानं गाठ आकसली आहे. आता हाडाचा तेवढा भाग काढून तिथे धातूचा सांधा बसवू. पाय राहील. उशीर केलात तर गाठ रक्तवाहिनीला धरेल, आणि मग पाय मांडीपासून काढावा लागेल." तारीख मिळाली अठ्ठावीस मे, गुरुवार. ती चुकली तर पुढची तारीख जुलैत होती.

आमच्या घरात शब्द चालतो तो आप्पांचा. आप्पासाहेब म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील, नाना, त्यांचे धाकटे भाऊ. आप्पांनी बोलायचं आणि नानांनी मान हलवायची, अशी कामाची वाटणी माझ्या जन्माच्या आधीच झालेली आहे. आप्पांची मुलगी प्रेरणा, आणि फ्लेक्सवरचे ऋतुराज हे प्रेरणाताईचे नवरे, म्हणजे माझे दाजी.

दाजींचं काम खोटं होतं असं मी म्हणणार नाही. मी त्यांचा छापून आलेला इंग्रजी शोधनिबंध डिक्शनरी घेऊन दोनदा वाचला. मॅंगनीज नावाचा धातू असतो. त्याचे इतके बारीक कण करायचे की सुईतून रक्तात जावेत. गाठीच्या आसपास आंबटपणा असतो, तिथं पोचलं की कण विरघळतो आणि धातू मोकळा होतो. तो मोकळा धातू आपल्या शरीरातल्या शिपायांना जागं करतो. हे शिपाई कॅन्सरसमोर खुशाल झोपलेले असतात, जागे झाले की गाठीवर तुटून पडतात. कल्पना मला फार आवडली. माझ्याही घरात कुणाला तरी असं मॅंगनीज टोचायला हवं होतं.

फक्त हे सगळं उंदरांवर झालं होतं. चोवीस उंदीर, त्यातल्या सहांना पूर्ण औषध, त्या सहातल्या दोघांची गाठ गेली आणि चौघांची लहान झाली. पेपरवाल्यांनी ही बातमी छापताना उंदीर शेवटच्या ओळीत ठेवले होते, आणि आप्पा शेवटच्या ओळीपर्यंत कधीच वाचत नाहीत. निबंधात संध्या नावाच्या एका विद्यार्थिनीचं नाव होतं. चार वर्षं उंदीर तिनं सांभाळले होते. पेपरात ती 'व सहकारी' झाली आणि फ्लेक्सवर तीही उरली नाही.

त्यात यंदा अधिक महिना आला, धोंड्याचा महिना. तीन वर्षांनी एकदा येतो आणि त्या महिन्यात जावई हा माणूस राहत नाही, नारायण होतो. त्याला तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे द्यायचे, वर दिवा लावायचा, कपडे करायचे, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि तो जे बोलेल त्याला होय म्हणायचं. एरवीही आमच्याकडे जावयाला कुणी नाही म्हणत नाही, पण या महिन्यात नाही म्हटलं तर पाप लागतं.

रविवारी, चोवीस तारखेला, जेवण होतं. दाजी पाटावर बसले, आवडाबाईंनी, म्हणजे माझ्या मोठ्या आईनं, त्यांना ओवाळलं. चाळीस पाव्हणे बघत होते. ताट हातात देऊन झालं आणि आप्पांनी विचारलं, "जावईबापू, आमच्या सायलीला तुमचं औषद कवा सुरू करायचं?"

आता दाजींनी एवढंच म्हणायला हवं होतं की मामा, हे अजून उंदरांवर आहे, तुम्ही गुरुवारी ऑपरेशन करून घ्या. एका वाक्याचं काम होतं. पण समोर चाळीस माणसं, मांडीवर तेहतीस अनारसे आणि कपाळावर मोठा टिळा. दाजी म्हणाले, "मामा, पुढचा टप्पा माणसांचाच आहे."

"मंग पाय कामून कापायलेत?"

"कापत न्हाईत, भाऊजी," आई दारातून म्हणाली, "पाय राखायचं ऑपरेशन हाय."

"अधिक म्हैन्यात पोरीच्या अंगाला शस्त्र लावायचं?" मोठी आई म्हणाली. "आन् घरात औषद असताना?"

सगळ्यांनी दाजींकडे बघितलं. मीही बघितलं. दाजींनी अनारशाचा तुकडा मोडला आणि म्हणाले, "थोडं थांबायला तशी काही हरकत नसावी."

तो घास त्यांच्या नरड्यात अडकावा असं मला मनापासून वाटलं. अडकला नाही. मी कुबडी टेकून उभी राहिले आणि म्हणाले, "आप्पा, पाय माझा आहे. मला गुरुवारी जायचंय."

"पाय तुजा हाय, पर घर माजं हाय," आप्पा म्हणाले. मग दाजींकडे वळले. "तरी म्या डोळ्यानं बगितल्याबिगर काय घेत नाय. आजवर एक बैल चालवून बगितल्याबिगर घेतला नाय. तुमचा बरा झालेला उंदीर हाय ना? त्यो मला चालवून दाखवा. पायात गाठ असूनशान जर नीट चालायला लागला आसंल, तर गुरवारचं रद्द."

दाजींचा चेहरा क्षणभर पडला. पण चाळीस माणसं होतीच. "दाखवू की," ते म्हणाले.

सोमवारी आप्पा धुतलेला पांढरा सदरा घालून निघाले. बैलबाजाराला जाताना घालतात तोच. मला जीपमध्ये मागे घेतलं, कारण रोगी सोबत असावा असं त्यांचं म्हणणं होतं. प्रयोगशाळेत उंदरांच्या खोलीत बाहेरच्या माणसाला जाता येत नाही, म्हणून दाजींनी पिंजरा बाहेरच्या टेबलावर मागवला. पिंजरा आणून ठेवला तो तिशीच्या एका बाईनं. तिनं कुणाकडे बघितलं नाही. हीच ती संध्या.

दाजींनी हातमोजे घालून उंदीर टेबलावर सोडला. पांढरा, गुबगुबीत, लाल डोळ्यांचा. आप्पा वाकले आणि त्यांनी जिभेनं चक् चक् केलं. उंदीर चालू लागला.

"मागून बगू द्या. हां. आता वळवा."

दाजींनी वळवला. विद्यापीठाची सुवर्णपदकं मिळवलेला माणूस एका उंदराला आमच्या आप्पांसमोर डावीकडून उजवीकडे आणि उजवीकडून डावीकडे फिरवत होता. मला इतकं हसू येत होतं की पोटात दुखायला लागलं, आणि त्याच वेळी रडूही येत होतं, कारण त्या उंदराच्या चार पायांवर माझा एक पाय अवलंबून होता.

"गाठ कंच्या पायात व्हती?"

"मागच्या. उजव्या."

आप्पांनी न विचारता उंदराचा मागचा उजवा पाय दोन बोटांत धरला आणि अंगठ्यानं चाचपला. मग डावा चाचपला. चाळीस वर्षं जनावरं पारखलेला हात आहे तो. "वण नाय कुटं," ते म्हणाले.

"भरून येतो तो," दाजी म्हणाले.

आप्पांनी उंदीर सोडला आणि पिंजऱ्याकडे बघितलं. प्रत्येक पिंजऱ्याला एक कार्ड लावलेलं असतं, त्यावर उंदराचा नंबर आणि जन्मतारीख असते. मी ते आधीच वाचलं होतं आणि फोनवर त्याचा फोटोही काढला होता. जन्म नऊ एप्रिल, याच वर्षीचा. दाजींचा प्रयोग मागच्या दिवाळीत संपला होता. म्हणजे दिवाळीत बरा झालेला हा उंदीर एप्रिलमध्ये जन्माला आला होता. आप्पांनी चष्मा लावला, कार्ड वाचलं, चष्मा पुसून परत वाचलं. मग माझ्याकडे बघितलं, मग दाजींकडे. दाजींच्या कपाळावर घाम होता.

"ब्येस चालतो," आप्पा म्हणाले.

दाजी त्यांना चहाला आत घेऊन गेले. मी तिथंच स्टुलावर बसले. संध्या उंदीर पिंजऱ्यात ठेवत होती.

"खरे बरे झालेले कुठं आहेत?" मी विचारलं.

"कुठंच नाहीत," ती म्हणाली. "अठ्ठाविसाव्या दिवशी चोवीसच्या चोवीस मारले. बरे झालेलेसुद्धा. त्याशिवाय आत काय झालं ते बघता येत नाही."

"मग हा?"

"सर म्हणाले, चांगला चालणारा एक काढ." तिनं पिंजऱ्याचं झाकण जोरात लावलं. "मी नाही म्हणायला हवं होतं. माझ्या पीएचडीवर त्यांची सही बाकी आहे, म्हणून नाही म्हटलं नाही. तुझी तारीख कधी आहे?"

"गुरुवारी होती."

"होती?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तशी तिच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. "हे बघ," ती म्हणाली, "चार वर्षं मी हे काम केलंय, माझा त्याच्यावर विश्वास आहे. पण माणसाला द्यायला अजून दहा वर्षं लागतील, आणि कदाचित माणसात चालणारच नाही. आम्ही अजून माणसाच्या गाठीवर एक थेंब टाकून बघितलेला नाही. दोन वर्षं झाली परवानगी मिळून. ऑपरेशनमध्ये निघालेली ताजी गाठ लागते, आणि कुणी पेशंट सही करत नाही. सरांचं पुढचं सगळं काम तिथंच अडलंय. तू ऑपरेशन कर. कसंही कर, पण कर."

परतताना जीपमध्ये मी आप्पांना विचारलं, "कार्ड वाचलं ना तुम्ही?"

"वाचलं."

"मग?"

"मंग काय जावयाला खोटं पाडू? धोंड्याच्या म्हैन्यात? आपली प्रेरणा नांदायली तिथं. उद्या त्यो तिला काय बोलंल?"

"आणि माझा पाय?"

"जुलैत बगू."

त्या वेळी मला आप्पांचा जेवढा राग आला तेवढा कॅन्सरचाही कधी आला नव्हता. कॅन्सरला निदान कार्ड वाचता येत नव्हतं. मी म्हणाले, "जावयानं सांगितलं असतं विहिरीत उडी मारा, तर मारली असती?"

"सांगून तर बगू दे," आप्पा म्हणाले, आणि ते अजिबात थट्टा करत नव्हते. "धोंड्यात जावयानं तोंड उगडून मागितलं तर मान बी द्यावी लागती."

मी घरी आले आणि खाटेवर पडून छताकडे बघत राहिले. एकोणीस वर्षांची आहे, ऑपरेशनच्या कागदावर सही माझीच चालते. पण रक्त द्यायला चार माणसं लागणार होती, आणि आमच्या घरातली माणसं आप्पांनी सांगितल्याशिवाय बोटाला सुईसुद्धा लावून घेत नाहीत. आई रडत होती, नाना ओट्यावर बसून मान हलवत होते. तेव्हा जावयाला मान द्यायचं ते आप्पांचं वाक्य माझ्या डोक्यात फिरायला लागलं. मग मी दाजींना फोन लावला.

"दाजी, तुम्हाला माणसाची गाठ पाहिजे ना? माझी घ्या."

मग ते म्हणाले, "पण तुझं ऑपरेशन तर मामांनी..."

"तुम्ही मागितली तर होईल. धोंड्याचा महिना आहे. जावयानं मागितलेलं आप्पा देतात."

"बरं दिसेल का ते, सायली?"

मी त्यांना कार्डाचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नाही. दोन निळ्या खुणा उमटल्या. पाच मिनिटांनी उत्तर आलं, 'उद्या संध्याकाळी येतो.'

मंगळवारी दाजी आले, सोबत प्रेरणाताई. पाणी झालं, चहा झाला, आणि दाजी घसा खाकरून म्हणाले, "मामा, मला एक मागायचंय."

मोठ्या आईचा हात एकदम आपल्या पाटल्यांवर गेला. आप्पा सरसावून बसले. "मागा की."

"सायलीची गाठ."

दाजींनी घाईघाईनं समजावून सांगितलं की गाठ ताजी हवी, ऑपरेशनमधूनच निघालेली हवी, आणि गुरुवारी मिळाली तर त्यांचं संशोधन देशात पहिलं ठरेल. बोलता बोलता त्यांचा आवाज चढला. पाच मिनिटांपूर्वी घाबरलेला हा माणूस आता खरोखर मागत होता, आणि डोळ्यांत लोभ होता. मी त्यांना जाळ्यात अडकवलं होतं खरं, पण ते त्यात पाय पसरून बसले.

आप्पांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. त्यांनाही वाट सापडली. उंदीर खोटा पडला नाही, जावई पडला नाही, आणि स्वतःचा शब्दही खाली गेला नाही. "अवं घ्या की!" ते गरजले. "तुमच्यापरीस गाठ जास्त हाय व्हय आमाला? गुरवारीच घ्या!"

मग घर असं हललं, जसं तीन महिन्यांत हललं नव्हतं. आप्पांनी चार फोन केले आणि रक्त द्यायला चार नव्हे, अकरा माणसं तयार झाली. जीपमध्ये डिझेल भरलं. दवाखान्यातल्या ओळखीच्या माणसाला सांगून झालं. प्रेरणाताई आईला म्हणाली, "काकू, आपल्या घरची गाठ पहिली," आणि तिला खरंच अभिमान वाटत होता. मोठ्या आईची अडचण वेगळीच होती. धोंड्याचं वाण तेहतीसचं असतं, आणि गाठ तर एकच.

"डागदरबाईला म्हणावं, तेहतीस तुकडे करून द्या," ती म्हणाली.

"तसेही आम्हाला तुकडे करावेच लागतात, मामी," दाजी म्हणाले. त्यावर तिला फार समाधान वाटलं. मग तिनं विचारलं की ऑपरेशनच्या खोलीत दिवा लावू देतात का.

त्या गडबडीत नाना ओट्यावरून उठून आत आले. आप्पा बोलत असताना नाना बोलल्याचं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं. ते म्हणाले, "पण सायलीचा पाय राहील ना?" कुणाचं लक्ष नव्हतं. त्यांनी परत विचारलं नाही, माझ्याजवळ येऊन खाटेच्या कडेवर बसले आणि माझ्या पायावरची चादर सारखी केली.

बुधवारी दवाखान्यात डॉक्टरबाईंनी माझ्यासमोर दोन कागद ठेवले, एक ऑपरेशनचा आणि एक गाठ संशोधनाला देण्याचा. दुसऱ्यावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही गाठ तुझी आहे. ती फक्त तूच देऊ शकतेस. कुणी जबरदस्ती केली नाही ना?" मी इतकी हसले, की त्यांना वाटलं पोरगी घाबरून भ्रमिष्ट झाली. सही केली. दाजींसाठी नाही. दहा वर्षांनी एखाद्या सायलीला खरंच ते औषध मिळेल आणि तिला कुणाचा उंदीर बघावा लागणार नाही, असं मला वाटलं म्हणून केली. खोटं कशाला बोलू, सही करताना थोडं रडायलाही आलं.

गुरुवारी मला आत नेताना बाहेर संध्या बर्फाचा डबा घेऊन उभी होती. मोठ्या आईनं त्या डब्याच्या झाकणाला हळदकुंकू लावलं होतं. संध्यानं ते पुसलं नव्हतं. तिनं माझा हात दाबला आणि म्हणाली, "नीट सांभाळीन."

जाग आली तेव्हा तोंड कोरडं पडलं होतं आणि डावा पाय कमरेपासून जड होता. चादरीच्या टोकाला दोन उंचवटे दिसत होते. दोन. मी डाव्या पायाचा अंगठा हलवायला बघितला, आणि चादर हलली. आई माझ्या उशाशी बसून दोन्ही हातांनी तोंड झाकून रडत होती. मला ओरडावंसं वाटलं, पण आवाज फुटत नव्हता.

दाराशी आप्पा फोनवर बोलत होते. त्यांचा आवाज अख्ख्या वॉर्डात जात होता.

"व्हय, व्हय, ब्येस झालं. गाठ पुरी निगाली. जावईबापू लई खूश हायेत, पेपरात येणार हाय. आता त्यांनी तोंड उगडून मागितली, मंग म्या मागंपुडं बगितलं नाय, दिली." मग ते थांबले, पलीकडचं ऐकलं, आणि माझ्याकडे एकदा वळून बघितलं.

"कोन, पोरगी? व्हय. तिचा पाय बी ऱ्हायला."